‘परता’ म्हणजे किती वेळा?

इंग्रजीतल्या ‘सिअर’ या क्रियापदाचे मराठी भाषांतर ‘परतणे’ असे केले तर काय होते, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे. भाषांतर आमचेच होते. आम्ही दोघेही गेली अठरा-वीस वर्षे मराठी शिकवतो. भाषांतरमीमांसेच्या तासाला समतुल्यता, आशयनिष्ठा, लक्ष्यभाषा वगैरे संज्ञा फळ्यावर लिहितो. विद्यार्थी त्या उतरवून घेतात आणि परीक्षेत आम्हांला परत करतात. या व्यवहारात चुकीच्या वाक्याची किंमत कोणालाच मोजावी लागत नाही. बॉस्टनजवळच्या एका स्वयंपाकघरात मात्र ती मोजावी लागली, आणि तीही आम्हांला नव्हे, आमच्या वाक्यावर विश्वास ठेवणाऱ्या वाचकाला. म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही थोरल्या बहिणीच्या घरी महिनाभर होतो. तिच्या सासूबाई, ज्यांना घरात सगळेच माई म्हणतात, सहा महिन्यांसाठी तेथे आल्या होत्या. माई दापोलीकडच्या, खाडीकाठच्या. तिसऱ्या, खुबे, मुळे, कालवे यांतले भेद त्यांना जितके चोख ठाऊक आहेत, तितके आम्हांला वृत्तांतले असते तर बरे झाले असते. एका शनिवारी भाचीने स्कॅलप आणले आणि मक्याच्या दाटसर, दुधाळ गोडव्यावर खरपूस डागांचे स्कॅलप मांडून ताटल्या समोर ठेवल्या. हा त्या किनाऱ्यावरचा उन्हाळ्याच्या अखेरचा पदार्थ. कणसे रस्त्याकडेच्या शेतावरची, स्कॅलप न्यू बेडफर्ड बंदरातले. (साहित्याच्या वाचकाला हे बंदर ओळखीचे असते. मेलव्हिलच्या ‘मोबी डिक’मधला (१८५१) इश्माएल व्हेलच्या शिकारीला निघतो तेव्हा प्रथम येथे येऊन मुक्काम करतो. व्हेलच्या तेलाचे दिवस गेले. आज या बंदराची श्रीमंती मुख्यतः स्कॅलपवर आहे.) माई त्या दिवशी देवळात गेल्या होत्या. त्यांनी पदार्थ खाल्ला, पण होताना पाहिला नाही. पुढचे सगळे या एका गोष्टीमुळे घडले.

खाताना त्यांचा पहिला प्रश्न होता, “शिंप कुठे गेली?” हा प्रश्न अज्ञानाचा नाही. तिसऱ्या ताज्या आहेत की नाहीत, हे शिंप सांगते. मिटलेली असेल तर जीव आहे, उघडी पडली तर टाकून द्यायची. शिंपेशिवाय विकायला आलेला शिंपल्यातला जीव म्हणजे माईंच्या लेखी सही नसलेला दाखला. वस्तुस्थिती अशी की स्कॅलप पाण्याबाहेर आपली शिंप घट्ट मिटून धरू शकत नाही आणि लवकर मरतो. म्हणून बोटीवरच शिंप उघडून आतला स्नायू तेवढा काढून बर्फात ठेवतात. अमेरिकेत खातात तो हा एकच स्नायू. या स्नायूच्या बळावर तो शिंपा फटाफट उघडमीट करीत पाण्यात पोहतो, आणि कवचाच्या कडेने बारीक डोळ्यांची रांग बाळगतो, हे भाचीने सांगितले तेव्हा माईंनी जेवणे थांबवून विचारले, “मग हा मासाच झाला की!”

दोनतीन दिवसांनी त्या म्हणाल्या, “मला हे करून बघायचंय. पण तिचं ते सगळं इंग्रजीत आहे.” भाची म्हणाली, “आजी, मामा-मामी मराठीचे प्राध्यापक आहेत. ते देतील की लिहून.” आम्ही दिले. अर्ध्या तासात, चहा पीत. त्यातली दोन वाक्ये येथे देणे भाग आहे : ‘स्कॅलप स्वच्छ धुऊन घ्यावेत. कढईत तेल तापवून ते दोन्ही बाजूंनी सोनेरी रंगावर येईपर्यंत परतावेत.’ परीक्षकाने या वाक्यांत शुद्धलेखनाचीही चूक काढली नसती.

दुपारी घरात कोणी नसताना माईंनी पदार्थ करायला घेतला. त्यांनी स्कॅलप धुतले. कढई तापवून तेल घातले, सगळे स्कॅलप एकदम आत सोडले आणि आम्ही सांगितल्याप्रमाणे परतू लागल्या. पाच मिनिटे परतले, दहा मिनिटे परतले. सोनेरी रंग येईना. कढईत पांढुरके पाणी साचले, त्या पाण्यात स्कॅलप शिजत राहिले, आकसले, रबरासारखे झाले, दोनतीन फुटले. पाऊंडाला वीस डॉलरच्या पुढे भाव असलेली वस्तू. आम्ही संध्याकाळी परतलो (हे क्रियापद येथे पुन्हा आले, त्याला इलाज नाही) तेव्हा माई म्हणाल्या, “माझाच हात चुकला. तुम्ही लिहिलं होतं तसंच केलं, पण जमलं नाही.”

साठ वर्षे चुलीपुढे आणि गॅसपुढे उभी राहिलेली बाई आपल्या हाताला दोष देत होती आणि आमच्या वाक्याला देत नव्हती. छापील किंवा लिहिलेल्या शब्दाविषयीचा हा आदर कोणी निर्माण केला, याचा विचार मराठीच्या प्राध्यापकांनी एखाद्या रविवारी करायला हरकत नाही.

आमचे चुकले कोठे? ‘सिअर’ या क्रियेचा सगळा अर्थ न हलवण्यात आहे. कोरडा केलेला तुकडा चांगल्या तापलेल्या जड तव्यावर ठेवायचा आणि हात मागे घ्यायचा. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तेथले तापमान १०० अंशांच्या फारसे वर जाऊ शकत नाही. खरपूस रंग आणि वास देणारी रासायनिक क्रिया, जिचे वर्णन लुई-कामीय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली केले, ती झपाट्याने होते साधारण १४० अंशांच्या पुढे. म्हणजे आधी पाणी जायला हवे. आम्ही ‘धुऊन’ लिहून पाणी वाढवले. मूळ कृतीत ‘कोरडे टिपून’ असे होते, पण मासळी न धुता कोण करील, या आपल्याकडच्या समजुतीने आम्ही भर घातली आणि ‘टिपून’ हे क्षुल्लक मानून गाळले. ‘कढई’ लिहून खोलगट भांडे सुचवले, ज्यात वाफ कोंडते आणि तुकडे एकमेकांवर चढतात. आणि ‘परतावेत’ लिहून सतत हलवायला सांगितले. परतणे म्हणजे खालचे वर आणि वरचे खाली करीत राहणे. कांदा परततात, रवा परततात. गावाहून परतणे आणि कांदा परतणे यांत एकच फिरण्याची कल्पना आहे. आम्ही माईंना बरोबर उलट क्रिया करायला सांगितली होती, आणि त्यांनी ती प्रामाणिकपणे केली.

मग योग्य क्रियापद कोणते? आमची पहिली धाव अर्थातच ‘सिअर करावेत’ या सोयीकडे होती. आजच्या मराठी पाककृतींत ही सोय सर्रास आढळते : मॅरिनेट करा, सॉते करा, ग्रिल करा, गार्निश करा. ‘करणे’ हे बिचारे क्रियापद हमालासारखे कोणाचेही ओझे उचलते. परंतु अशा वाक्यातून ज्याला इंग्रजी येत नाही त्याला काहीच मिळत नाही, आणि ज्याला येते त्याला मराठी वाक्याची गरज नसते. मग ते वाक्य कोणासाठी लिहिलेले असते? दुसरी धाव शब्द घडवण्याकडे. ‘तप्तस्पर्श’, ‘दाहांकन’ असे काही शब्द आम्ही जेवणाच्या टेबलावर पाडले. भाची हसून लोळली आणि ते तेथेच राहिले.

येथे आम्हांला एक गोष्ट जाणवली ती नोंदवतो. भाषाशुद्धीच्या चळवळीने दिलेल्या आणि रुजलेल्या शब्दांची यादी आठवून पाहावी : दिनांक, महापौर, दूरध्वनी. सगळी नामे. शिवकालीन ‘राजव्यवहारकोशा’पासून आजच्या परिभाषाकोशांपर्यंत आपली चिंता प्रामुख्याने नामांची राहिली आहे. परका शब्द म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे नाम येते, आणि त्याला पर्याय द्यावा की देऊ नये यावर दोन पिढ्या भांडण पुरते. क्रियापदे मात्र मागच्या दाराने, ‘करणे’च्या खांद्यावर बसून येतात, त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. आमचे मत याच्या नेमके उलट आहे. स्कॅलपला खुशाल स्कॅलप म्हणावे. मासळीबाजारात जी वस्तू आपण घेत नाही तिच्यासाठी मराठी नाम शोधणे म्हणजे न जन्मलेल्या मुलाचे बारसे. कृषी पुस्तिकांत ‘मधुमका’ असा गोड शब्द आहे. बाजारात सगळे ‘स्वीट कॉर्न’च मागतात, आणि त्यावाचून काही अडत नाही. नाम वस्तूकडे बोट दाखवते. वस्तू परकी असेल तर बोटही परके असायला हरकत नाही. क्रियापदाचे तसे नाही. ते हाताला काय करायचे ते सांगते, आणि हात माईंचा आहे. त्या हाताला ज्या क्रिया ठाऊक आहेत त्यांच्या भाषेत सांगितले नाही, तर वाक्य हातापर्यंत पोचत नाही.

आपल्या भाषेने तर या प्रकाराला ‘पाककृती’ म्हटले आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या १९१० च्या ग्रंथाचे नाव ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ असे आहे. हजार पदार्थ नव्हेत, हजार क्रिया. आणि त्या क्रियांचा पसारा केवढा आहे! भाजणे, शेकणे, परतणे, तळणे, आटवणे, घोटणे, रांधणे, वाफवणे, कढवणे. यांत ‘सिअर’ची जागा नेमकी कोणती, हे आम्हांला कोशांत सापडले नाही. ते माईंनीच दिले, आणि देताना त्यांना कल्पनाही नव्हती. आम्ही त्यांना समजावून सांगत होतो की स्कॅलप तव्यावर ठेवला की हलवायचा नाही, तो प्रथम चिकटतो, ओढला तर फाटतो, पण खालून खरपूस झाला की आपोआप मोकळा होतो. माईंनी मध्येच तोडले : “म्हणजे घावनासारखं. तवा सोडेपर्यंत हात लावायचा नाही. मग ‘परता’ कशाला लिहिलंत? परता म्हणजे किती वेळा?”

‘तवा सोडणे.’ आम्ही अर्धा दिवस ज्या अर्थासाठी भटकत होतो तो कोकणातल्या प्रत्येक घावन घालणाऱ्या बाईच्या तोंडी होता. यात कर्ताही कसा बदलला आहे पाहा. इंग्रजी वाक्यात करणारा स्वयंपाकी आहे. माईंच्या वाक्यात क्रिया पदार्थ करतो, आणि माणसाने तिची वाट पाहायची असते. स्वयंपाकाच्या मराठीत ‘सुटणे’ आणि ‘सोडणे’ यांचे केवढे राज्य आहे, हे त्यानंतर आम्हांला दिसू लागले. कांद्याला पाणी सुटते, मसाल्याला तेल सुटते, बेसनाला तूप सुटते, भाजणीला वास सुटतो, धिरड्याच्या कडा सुटतात. मिनिटे नाहीत, खुणा आहेत. भाचीच्या इंग्रजी कृतीत ‘एका बाजूने नव्वद सेकंद’ असे होते. ते ज्याने लिहिले त्याची शेगडी गॅसची असावी. बहिणीच्या घरी विजेची, आणि ती तापायलाच पाच मिनिटे घेते. नव्वद सेकंदांची अचूकता दुसऱ्या शेगडीवर खोटी ठरते. तवा सोडण्याची ठरत नाही.

आता याची दुसरी बाजू. खुणेची भाषा तिलाच कळते जिने ती खूण पाहिली आहे. कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ (१९७०) वाटी-चमच्याच्या मापांनी घराघरांत पोचले, त्यामागे हीच जाण असावी की वाचणारी मुलगी आता आईच्या शेजारी उभी नाही. जुन्या पाककृतीत न सांगितलेले पुष्कळ असे, कारण सांगणारी आणि ऐकणारी एका छपराखाली असत. परक्या पदार्थात न सांगितलेले काहीच चालत नाही. तेथे खुणेबरोबर कारणही द्यावे लागते. टिपून का, गर्दी का नको, हलवायचे का नाही. कारण कळले की वाचणारी स्वतःच्या शेगडीप्रमाणे बदल करू शकते.

कारण मात्र खरे हवे. मांस तव्यावर असे डागले की रस आत कोंडला जातो, हे युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मांडले आणि ते आजही पाककृतींतून ऐटीत फिरते. हॅरल्ड मॅगी यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात ते खोडले. तव्यावर जो चर्र आवाज सतत येत राहतो तो बाहेर पडणाऱ्या पाण्याचाच असतो. रस कोंडला असता तर तवा गप्प बसला असता. कान असलेल्या कोणालाही हे कळू शकले असते, पण छापलेल्या वाक्यापुढे कानाचे कोण ऐकतो. (माईंचेच उदाहरण वर आले आहे.)

मक्याच्या बाबतीत भाषेने आमची इतकी परीक्षा पाहिली नाही. मूळ कृतीत त्याला ‘क्रीमी’ म्हटले होते, आणि आम्ही ‘मलईदार’ असे लिहून मोकळे झालो होतो. हे विशेषण आइस्क्रीमच्या जाहिरातीतून आलेले. त्यामुळे माईंनी साय शोधली. वास्तविक या पदार्थात दाटपणा मुख्यतः कणसाचा स्वतःचा असतो. दाणे सुरीने उतरवल्यावर सुरीच्या पाठीने बुरकूंड खरवडले की पांढरा चीक निघतो, त्यात स्टार्च असते, मंद आचेवर ते फुगते आणि सगळे मिळून येते. ‘चीक’ आणि ‘मिळून येणे’ हे दोन शब्द मराठीत आयते आहेत. आमटी मिळून आली नाही, ही तक्रार कोणत्या घरात ऐकू येत नाही? जून कणसात साखरेचे स्टार्च झालेले असते, म्हणून तोडल्याबरोबर शिजवावे. उलट अलीकडच्या अतिगोड वाणांत साखर टिकते पण स्टार्च बेताचे, त्यांचा चीक तितका दाटत नाही, तेथे थोडे दाणे वाटून घालावेत. इंदूरच्या मराठी घरांत वाढलेल्या वाचकांना हे सगळे वाचून भुट्ट्याचा कीस आठवेल. कोवळी कणसे किसून दुधात शिजवायची. फोडणी, हिरवी मिरची आणि लिंबू वगळले तर अमेरिकन पदार्थापासून तो फार दूर नाही. आमच्या एका इंदूरकर सहकारी बाईंच्या मते तर वगळायचे असेल तर स्कॅलप वगळा, फोडणी नको.

व्याकरणाविषयीही एक शब्द. जुन्या पाककृतीतले क्रियापद विध्यर्थी असे : घ्यावे, घालावे, ढवळावे. त्यात सांगणाऱ्याचा अनुभव आणि ऐकणाऱ्याचा मान दोन्ही असत. नंतर आज्ञार्थ आला : घ्या, घाला. आता पडद्यावरच्या पाककृतींत ‘आपण यात मीठ घालून घेणार आहोत’ असा भविष्यकाळ आला आहे. त्याला नाके मुरडणाऱ्यांत आम्हीही होतो. आता वाटते की ‘आपण’ म्हणण्यात शेजारी उभे राहण्याची तीच जुनी इच्छा असावी. तरीही लिहिताना आम्ही ‘-आवे’ सोडणार नाही.

आमच्या ‘उपयोजित मराठी’च्या अभ्यासपत्रिकेत जाहिरात आहे, बातमी आहे, इतिवृत्त आहे, मुलाखत आहे. पाककृती नाही. अभ्यासमंडळाच्या बैठकीत आम्ही एकदा ती सुचवली तेव्हा हशा पिकला होता, आणि खरे सांगायचे तर सुचवणाऱ्यांनीही हसून विषय सोडून दिला होता. पुन्हा सुचवणार आहोत. ज्या गद्यातली चूक वाचणाऱ्याच्या तव्यावर दिसते, त्यावर मराठीच्या विद्यार्थ्याने दहा गुणांचा एक प्रश्न तरी सोडवावा. प्रश्नही तयार आहे : माईंना द्यायच्या कागदावर काय लिहाल?

आमचे दुसरे उत्तर असे होते. ‘मका आधी करून झाकून ठेवावा, स्कॅलप कोणासाठी थांबत नाहीत. चार कणसांचे दाणे उतरवून बुरकुंडांचा चीक खरवडून घ्यावा. लोण्यावर बारीक कांदा मऊ करून त्यात दाणे व चीक घालावा, पाच-सात मिनिटे मंद शिजवावा, पाव वाटी साय फेटून घालावी, मिळून आले की मीठ, मिरपूड व चार थेंब लिंबू. स्कॅलप विकत घेताना भिजवलेले नाहीत ना, ते विचारावे. लख्ख पांढरे आणि दुधट पाण्यात पडलेले असतील तर घेऊ नयेत, कारण त्यांना वजनासाठी पाणी पाजलेले असते आणि ते पाणी तव्यावर सुटते. प्रत्येकाच्या कडेचा चिवट पदर ओढून काढावा. कागदाने टिपावेत, कागद कोरडा निघेपर्यंत टिपावेत. मीठ अगदी शेवटी लावावे, आधी लावल्यास पाणी सुटते. जड सपाट तवा चांगला तापवून तेल घालावे. एकमेकांत दोन बोटे अंतर ठेवून स्कॅलप मांडावेत आणि हात लावू नये. तवा सोडला की एकदाच उलटावेत. वरून लोणी सोडावे. दाबून पाहावे; बोटाखाली कच्च्यासारखे लिबलिबीत नसावे आणि खोडरबरासारखे घट्टही नसावे.’

या कागदावरून माईंनी दुसऱ्या रविवारी पदार्थ केला. एक स्कॅलप फाटला, बाकीचे जमले. निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी तो आपल्या वहीत उतरवून घेतला. शीर्षक दिले ‘बिनशिंपांचे स्कॅलप’. आमची कारणे सगळी गाळली, सायीचे माप गाळले, आमच्या तेरा वाक्यांची पाच केली. भाचीने वही पाहून विचारले, “आजी, तवा सोडेपर्यंत म्हणजे नक्की कधी?”

माई म्हणाल्या, “उद्या घावनं घालणार आहे. ये, उभी राहा शेजारी.”